हॉट सीट (अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉल)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये ज्या मुख्य प्रशिक्षकाची नोकरी येत्या हंगामाच्या निकालांवर टांगलेली आहे असे मानले जाते, तो ‘हॉट सीटवर’ आहे असे म्हणतात. हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि त्याआधीच्या दोन महिन्यांत असे प्रशिक्षक कोण, कोणाची गच्छंती किती जवळ आली आहे आणि कोण निर्धास्त आहे यांविषयीचे अंदाज बांधण्याची तेथे जुनी प्रथा आहे. मराठी वाचकाला हा शब्द दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेच्या खुर्चीमुळे परिचित आहे. अमेरिकी बोलीत मात्र तो आधी मृत्युदंडाच्या विजेच्या खुर्चीसाठी रूढ होता, आणि क्रीडापत्रकारितेतील त्याच्या वापरात त्या मूळ अर्थाची धग अजून शिल्लक आहे.

येथे फुटबॉल म्हणजे अर्थातच लंबगोल चेंडूचा अमेरिकन फुटबॉल. आपल्याकडील आंतरविद्यापीठ स्पर्धांवरून या खेळाच्या पसाऱ्याची कल्पना येणार नाही. सर्वोच्च विभागात सुमारे १३५ विद्यापीठांचे संघ आहेत, काही मोठ्या विद्यापीठांची मैदाने लाखभर प्रेक्षकांची आहेत, आणि अनेक राज्यांत सरकारी तिजोरीशी संबंधित असलेल्या सर्व नोकरदारांत सर्वाधिक पगार राज्यपालांना किंवा कुलगुरूंना नसून राज्य विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाला असतो. त्यामुळे त्याच्या नोकरीची चर्चा ही काही अंशी सार्वजनिक पैशाचीही चर्चा ठरते.

अंदाजांचा हंगाम

जुलैमध्ये प्रत्येक कॉन्फरन्स, म्हणजे विद्यापीठांचा साखळी-संघ, आपल्या प्रशिक्षकांना पत्रकारांसमोर उभे करते. ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची हंगामपूर्व क्रमवारी येते. ही संस्था १९३६ पासून साप्ताहिक आणि १९५० पासून हंगामपूर्व क्रमवारी प्रसिद्ध करीत आली आहे. या दोन टप्प्यांच्या आसपास हॉट सीटच्या याद्या निघतात. सीबीएस स्पोर्ट्सने अनेक वर्षे शून्य ते पाच अशी मोजपट्टी वापरली असून तिच्यात शून्य म्हणजे ज्याला कोणी हात लावू शकत नाही असा प्रशिक्षक, आणि पाच म्हणजे जिंकला नाही तर घरी जाणारा. हे आकडे शास्त्रीय नसतात. विद्यापीठाच्या वर्तुळातील कुजबुज, पत्रकारांचा अनुभव आणि करारातील कलमांचे वाचन या तिन्हींच्या मिश्रणातून ते निघतात.

याद्यांतील पहिला निकष अर्थातच जय-पराजयाचा. नियमित हंगामात बहुधा बारा सामने असतात आणि सहा विजयांशिवाय संघ सहसा हंगामोत्तर ‘बोल’ सामन्याला पात्र होत नाही. तरीही विजयांची निव्वळ संख्या फारसे सांगत नाही, कारण तिचा अर्थ त्या-त्या विद्यापीठाच्या अपेक्षेवरून ठरतो. नेब्रास्का विद्यापीठाने २००३ मध्ये फ्रँक सॉलिच यांना नियमित हंगामात नऊ सामने जिंकल्यावर काढले. त्यांची एकूण नोंद ५८ विजय आणि १९ पराभव अशी होती. ओहायो स्टेटच्या जॉन कूपर यांनी १११ सामने जिंकले, पण मिशिगन या परंपरागत प्रतिस्पर्ध्याविरुद्ध त्यांना तेरांपैकी केवळ दोन सामने जिंकता आले, आणि जानेवारी २००१ मध्ये त्यांची नोकरी गेली. राष्ट्रीय विजेतेपदसुद्धा फार काळ छत्र धरत नाही. ऑबर्नचे जीन चिझिक २०१० चा हंगाम अपराजित राहून विजेते ठरले आणि २०१२ च्या नोव्हेंबरात पदावरून गेले. लुइझियाना स्टेटच्या एड ऑर्जेरॉन यांनी २०१९ च्या हंगामात पंधराही सामने जिंकले. ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्लॉरिडावर विजय मिळवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, हंगाम संपताच ते पद सोडतील, असे जाहीर झाले.

जय-पराजयाखेरीज जाणकार आणखी काही गोष्टी पाहतात. नवा क्रीडासंचालक आला असेल, तर आधीच्याने नेमलेल्या प्रशिक्षकाबद्दल त्याला आपुलकी असण्याचे कारण नसते. तिकिटांचा खप, शालेय खेळाडूंना विद्यापीठाकडे वळवण्यातील यश आणि येत्या हंगामाचे वेळापत्रक यांचाही विचार होतो. क्रीडासंचालकाने प्रशिक्षकावर जाहीर विश्वास व्यक्त करणे हे मात्र शुभचिन्ह समजले जात नाही. ज्याची खुर्ची पक्की आहे त्याच्याविषयी असे निवेदन काढण्याची वेळच येत नाही. फ्लॉरिडाच्या क्रीडासंचालकांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये बिली नेपियर यांच्या पाठीशी उभे राहत असल्याचे लेखी कळवले. त्यानंतर संघाने हंगामातील शेवटचे चार सामने जिंकले, २०२५ च्या हंगामपूर्व क्रमवारीत पंधरावे स्थान मिळवले, आणि तरीही त्या ऑक्टोबरच्या १९ तारखेला, मिसिसिपी स्टेटला हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी, नेपियर यांना निरोप देण्यात आला.

बायआउट

करार मुदतीपूर्वी, गैरवर्तनासारख्या कारणाविना संपवल्यास विद्यापीठाने प्रशिक्षकाला द्यायच्या रकमेला बायआउट म्हणतात. हॉट सीटच्या अंदाजांचा खरा कणा हाच आहे, आणि हौशी याद्या बहुधा येथेच फसतात. प्रशिक्षक किती सामने हरला यापेक्षा त्याला घालवायला किती पैसे लागतील आणि ते द्यायला कोण तयार आहे, हा प्रश्न निर्णायक ठरतो. म्हणूनच ‘बूस्टर’ म्हणून ओळखले जाणारे धनाढ्य देणगीदार, ज्यांच्याकडे कोणतेही औपचारिक पद असेलच असे नाही, ते या कथेतील महत्त्वाचे पात्र असतात.

बायआउटचा गाजलेला दाखला टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचा आहे. जिंबो फिशर यांना डिसेंबर २०१७ मध्ये दहा वर्षांचा, साडेसात कोटी डॉलरचा, पूर्ण हमी असलेला करार मिळाला. २०२१ मध्ये तो वाढवून २०३१ पर्यंत नेण्यात आला आणि वार्षिक वेतन नव्वद लाख डॉलरच्या घरात गेले. पुढच्याच वर्षी हंगामपूर्व क्रमवारीत सहावा असलेला हा संघ पाच विजय आणि सात पराभवांवर थांबला. नोव्हेंबर २०२३ मध्ये फिशर यांना दूर करण्यात आले तेव्हा त्यांचे येणे सुमारे ७.६ कोटी डॉलर होते. त्यातला एक मोठा हप्ता साठ दिवसांत आणि उरलेली रक्कम २०३१ पर्यंत दरवर्षी द्यायची होती, शिवाय फिशर यांनी दुसरीकडे नोकरी धरली तरी त्यातून काही वजा होणार नव्हते.

हे शेवटचे कलम सर्वत्र सारखे नसते. बऱ्याच करारांत पदमुक्त प्रशिक्षकाने दुसरे काम शोधावे आणि त्या कामाचे वेतन बायआउटमधून वळते व्हावे अशी अट असते. पेन स्टेटने ऑक्टोबर २०२५ मध्ये जेम्स फ्रँकलिन यांना काढले तेव्हा देणे सुमारे ४.९ कोटी डॉलर होते. महिन्याभरानंतर त्यांना व्हर्जिनिया टेकमध्ये नेमणूक मिळाली आणि तडजोडीने हा आकडा नव्वद लाखांवर आला.

बायआउटची रक्कम वेळेनुसार उतरत जाते, त्यामुळे काही वेळा निर्णयाचा दिवस दिनदर्शिकेवर दिसू लागतो, पण संताप तेवढा थांबत नाही. नेब्रास्काचे स्कॉट फ्रॉस्ट यांचे बायआउट १ ऑक्टोबर २०२२ रोजी दीड कोटी डॉलरवरून पाऊण कोटीवर येणार होते. १० सप्टेंबरला त्यांचा संघ जॉर्जिया सदर्न या तुलनेने लहान संघाकडून घरच्या मैदानावर ४५-४२ असा हरला आणि दुसऱ्याच दिवशी, पाऊण कोटी डॉलर वाचवण्यासाठी तीन आठवडेही न थांबता, विद्यापीठाने त्यांना पदमुक्त केले. जॉर्जिया सदर्नचे प्रशिक्षक क्ले हेल्टन हे स्वतः त्याच्या आदल्या सप्टेंबरात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून काढले गेले होते. या धंद्यात असे योग वरचेवर येतात.

एवढ्या रकमा मान्य का होतात, असा प्रश्न कोणालाही पडेल. शालेय खेळाडूला ‘तू येथे असेपर्यंत मीही असेन’ हे पटवण्यासाठी प्रशिक्षकाच्या करारात काही वर्षे शिल्लक दिसावी लागतात, म्हणून एका चांगल्या हंगामानंतर मुदतवाढ दिली जाते. दुसऱ्या विद्यापीठाने मागणी घातल्याची नुसती बातमीही पुरते, आणि जिमी सेक्स्टन यांच्यासारखे, अनेक नामांकित प्रशिक्षकांचे काम पाहणारे प्रतिनिधी तिचा उपयोग करून घेतात. मुदतवाढीमागची भीती प्रशिक्षक निघून जाण्याची असते. दोन वर्षांनी तोच करार त्याला घालवण्याची किंमत बनतो. उलट बाजूही आहे. दबावाखालील प्रशिक्षक कधी कधी वेतनकपात स्वीकारून आणखी एक हंगाम मिळवतो. फ्रॉस्ट यांनी ते केले आणि तीन सामन्यांत गेले. ओक्लाहोमा स्टेटमध्ये २००५ पासून असलेले माइक गंडी यांनी २०२४ च्या अखेरीस ते केले आणि पुढच्या सप्टेंबरातच त्यांना जावे लागले. मिशिगनचे जिम हार्बॉ यांचे मात्र साधले. २०२० च्या दोन विजय आणि चार पराभवांच्या तुटपुंज्या हंगामानंतर त्यांनी जवळपास निम्म्या मूळ वेतनावर सही केली, पुढच्या वर्षी ओहायो स्टेटला हरवून कॉन्फरन्स जिंकली आणि २०२३ च्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

बदललेले वेळापत्रक

पूर्वी हकालपट्ट्या बहुतांशी नोव्हेंबरच्या अखेरीस होत. डिसेंबर २०१७ पासून शालेय खेळाडूंशी करार करण्याची एक मुदत डिसेंबरात आली. २०१८ मध्ये विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदणीव्यवस्था सुरू झाली, २०२१ पासून अशा पहिल्या बदलानंतर वर्षभर बाहेर बसण्याची सक्ती उठली आणि त्याच वर्षाच्या १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावलौकिकातून पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या समझोत्यानंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदलाही देऊ लागली. या सर्वांचा प्रशिक्षकाच्या नोकरीवरील परिणाम दुहेरी आहे. नवा प्रशिक्षक डिसेंबरपूर्वी हाताशी हवा म्हणून जुन्याला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच हलवण्याची घाई वाढली. आणि एका उन्हाळ्यात अर्धा संघ बदलता येत असल्यामुळे ‘संघबांधणीला चार-पाच वर्षे द्या’ हा जुना बचाव लंगडा पडला. २०२४ पासून राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत चारऐवजी बारा संघ घेतले जातात, पण त्यामुळे प्रशिक्षकांना दिलासा मिळाला असे दिसत नाही, कारण तेथवर न पोहोचणे आता अधिक मोठे अपयश मानले जाते.

अंदाजांची विश्वासार्हता

२०२५ चा हंगाम या दृष्टीने बोलका आहे. पेन स्टेटने आदल्या वर्षी या बाद फेरीतील उपांत्य सामना गाठला होता आणि हंगामपूर्व क्रमवारीत तो दुसरा होता. फ्रँकलिन यांची नोकरी धोक्यात आहे असे ऑगस्टमध्ये म्हणणारा हास्यास्पद ठरला असता. ओरेगन, यूसीएलए आणि नॉर्थवेस्टर्न यांच्याविरुद्धचे लागोपाठचे तीन पराभव १०४ विजयांच्या या कारकिर्दीला पुरले. दोन आठवड्यांनी लुइझियाना स्टेटने ब्रायन केली यांना काढले. त्यांचे बायआउट सुमारे ५.४ कोटी डॉलर होते. राज्यपाल जेफ लँड्री यांनी या करारावर जाहीर टीका केली आणि काही दिवसांतच क्रीडासंचालक स्कॉट वुडवर्ड यांनाही पद सोडावे लागले. टेक्सस ए अँड एममध्ये फिशर यांचा २०१७ चा करार करणारे वुडवर्डच होते. ऑक्टोबरअखेर सर्वोच्च विभागातील सुमारे दहा मुख्य प्रशिक्षकांची पदे हंगाम चालू असतानाच गेली होती. दुसरीकडे, सहा विजय आणि सात पराभवांच्या वर्षानंतर ज्यांच्यावर अनेकांचे लक्ष होते ते ओक्लाहोमाचे ब्रेंट व्हेनेबल्स नियमित हंगामात दहा सामने जिंकून अंतिम बारांत पोहोचले. यादी चुकीची होती असे म्हणण्यापेक्षा, ती ज्या माहितीवर उभी असते ती तीन शनिवारांत शिळी होते, असे म्हणणे न्याय्य होईल.

प्रशिक्षक बदलल्याने संघ सुधारतो का, याचा अभ्यासही झाला आहे. स्कॉट अ‍ॅडलर, मायकेल बेरी आणि डेव्हिड डोहर्टी या राज्यशास्त्रज्ञांनी १९९७ ते २०१० या काळातील बदल तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडला की, अत्यंत वाईट खेळणाऱ्या संघांना बदलाचा फारसा लाभ होत नाही आणि मध्यम दर्जाचे संघ बदलानंतर, तशाच पण प्रशिक्षक न बदलणाऱ्या संघांच्या तुलनेत, काहीसे खालीच जातात. विद्यापीठांच्या वागण्यावर या निष्कर्षाचा परिणाम झालेला नाही. प्रशिक्षक घालवण्यामागे पुढील हंगामाच्या हिशेबाइतकाच देणगीदारांना शांत करण्याचा हेतू असतो, आणि तो हेतू बहुतेक वेळा त्याच दिवशी साध्य होतो.

पदमुक्त प्रशिक्षक या व्यवसायातून सहसा बाहेर पडत नाहीत. फ्रॉस्ट यांना डिसेंबर २०२४ मध्ये सेंट्रल फ्लॉरिडा विद्यापीठाने पुन्हा नेमले. २०१७ मध्ये त्याच संघासह अपराजित राहिल्यामुळे ते नेब्रास्काला गेले होते. फ्रँकलिन यांना मिळालेली व्हर्जिनिया टेकची जागा सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रेंट प्राय यांना काढल्यामुळे रिकामी झाली होती, आणि हे प्राय त्या पदावर येण्यापूर्वी पेन स्टेटमध्ये फ्रँकलिन यांचेच बचावफळीचे सहायक होते.