उद्यम नोंदणी: उत्पादन, सेवा की व्यापार? अर्जाआधी हे ठरवा

उद्यम नोंदणी म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी. तिचा अर्ज तसा सोपा आहे. अडायला होतं ते एकाच रकान्यात: व्यवसायाची मुख्य कृती कोणती? आधी उत्पादन की सेवा हे विचारतात. सेवा निवडली की व्यापार की व्यापाराव्यतिरिक्त, हा पुढचा प्रश्न. घाईत कशावरही टिचकी मारली, तर घोळ कळतो तो कर्जाची फाईल बँकेत गेल्यावर.

कच्च्या मालावर प्रक्रिया करून वस्तू तयार करत असाल तर ते उत्पादन. आणलेला माल तसाच विकत असाल तर व्यापार. कौशल्य, दुरुस्ती, वाहतूक वगैरे देत असाल तर सेवा. पण कृतीचा कोड 'एनआयसी २००८' या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाच्या यादीतूनच निवडायचा असतो आणि तिथे अंदाज चुकतात. पीठगिरणी आणि मसाले-पापड उत्पादनात येतात (विभाग १०), मापाचे कपडे शिवणारा शिंपीसुद्धा (विभाग १४). खानावळीत दिवसभर स्वयंपाक होतो, तरी ती सेवा (विभाग ५६). सलून ९६ मध्ये, मोबाइल दुरुस्ती ९५ मध्ये. किराणा दुकान ४७, म्हणजे किरकोळ व्यापार.

मिठाईवाल्याचं काय? पेढे-बर्फी स्वतःची, फरसाण आणि थंड पेयं बाहेरची. नुसता गल्ला मोजू नका. माल-खरेदीचा खर्च वजा जाता जास्त रक्कम जिथून उरते, ती मुख्य कृती धरा. बाकीच्या कृतींचे कोड त्याच अर्जात जोडता येतात. एका उद्योगाला दुसरी उद्यम नोंदणी करता येत नाही.

एवढी काथ्याकूट कशासाठी? किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून नोंदणी खुली झाली, पण लाभ फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या (म्हणजे बँकांना ठरावीक वाटा द्यावाच लागतो अशा क्षेत्रांतल्या) कर्जापुरता. थकलेलं बिल ४५ दिवसांत मिळण्याचं कायदेशीर संरक्षण त्यांना नाही. उत्पादन आणि सेवेतल्या सूक्ष्म व लघु उद्योगांना आहे. पीएमईजीपीतही (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, नव्या उद्योगांना कर्जावर अनुदान देणारी केंद्राची योजना) फरक पडतो: प्रकल्प खर्चाची मर्यादा उत्पादनाला ५० लाख, सेवेला २० लाख.

पात्रतेच्या मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वाढल्या आहेत. सूक्ष्म: गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत. लघु: २५ आणि १०० कोटी. मध्यम: १२५ आणि ५०० कोटी. दोन्ही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. निर्यातीची उलाढाल यात धरत नाहीत.

कागदपत्र एकही अपलोड करावं लागत नाही. सगळं स्वयंघोषणेवर चालतं. हाताशी ठेवा आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल, पॅन, बँक खाते क्रमांक व आयएफएससी, कामगारसंख्या आणि जीएसटी कायद्याने लागू असेल तर जीएसटी क्रमांक. आधार एकल व्यवसायात मालकाचं, भागीदारीत व्यवस्थापकीय भागीदाराचं, हिंदू अविभक्त कुटुंबात कर्त्याचं, कंपनीत अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचं. पॅन नसलेल्या टपरीवाल्या-फेरीवाल्यांसाठी उद्यम असिस्ट हा वेगळा मार्ग बँकांमार्फत उपलब्ध आहे.

केंद्राच्या उद्यम पोर्टलवर आधार टाकून ओटीपी द्या, पॅन तपासून घ्या, माहिती भरा, शेवटी पुन्हा ओटीपी. क्यूआर कोड असलेलं प्रमाणपत्र ऑनलाइनच मिळतं. शुल्क शून्य. हजार-पाचशे मागणाऱ्या, सरकारी भासणाऱ्या वेबसाइटांचा सुळसुळाट आहे. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना, ते बघा. प्रमाणपत्राचं नूतनीकरण नसतं, पण कृती बदलली तर त्याच पोर्टलवर जाऊन माहिती अद्ययावत करावी लागते.