माठ पाझरतो तोवर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात पितरांच्या नावाने नवी घागर भरतात. सकाळी भरलेली घागर दुपारी हात लावून पाहा. बाहेरून ओलसर, गार, आणि आतलं पाणी थोडं उतरलेलं. भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना हा गारवा येतो कुठून? मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता घागरीतल्या पाण्यातूनच उचलली जाते.

आपलं अंगही असंच पाझरणारं मडकं. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश. हवा त्याहून थंड असली की शरीर आपली उष्णता तिला देऊन टाकतं. ४५ अंशांत उलटंच होतं, हवाच आपल्याला तापवते. मग भरवसा फक्त घामाचा. एक लिटर घाम अंगावर वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते; सात लिटर साध्या पाण्याला उकळी आणायला लागेल, जवळपास तेवढी. (बातम्यांतला आकडा सावलीतला असतो बरं. नांगरलेल्या काळ्या रानात उभ्या माणसाच्या डोक्यावर ऊन असतं ते वेगळंच.)

कोरड्या हवेत मात्र घाम दिसतच नाही, येताक्षणी उडून जातो. ‘मला कुठे घाम येतोय’ म्हणणारा मजूर तासाला लिटरभर पाणी गमावत असतो. संध्याकाळी सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग तेवढे दिसतात. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत आणखी निराळी गंमत. झळा लागू नयेत म्हणून कडेने शेवरी किंवा गवताची आड, आत ठिबकची ओल, वारा बंद. सावली पाहून बरं वाटतं, पण दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. आणि ओघळलेला घाम फुकट जातो. घड कापायचं काम पहाटे उरकावं, ते यासाठी.

पत्र्याच्या घरातल्या पंख्याचंही तसंच. चाळीस अंशांपुढे तो गरम हवाच अंगावर फेकतो. म्हाताऱ्या माणसांना घाम कमी येतो, त्यांना तर त्याचा उलट त्रास. ओला पंचा अंगावर घेऊन पंख्याखाली बसलं तर मात्र माणसाचा माठ होतो.

पाण्याबरोबर मीठही जातं. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. साखर चवीपुरती नाही. आतड्यात ती आणि सोडियम जोडीने आत घेतले जातात, मागोमाग पाणी. (रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून.) ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेला कांदा भाकरीबरोबर खावा, खिशात राहून तो काही करत नाही.

सुरतेहून लग्नाला आलेल्या भावाला ऊन आधी का लागतं? उन्हाची सवय व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर घाम उशिरा सुटतो आणि त्यात मीठही जास्त जातं.

उष्माघाताचा खरा घात पुढे आहे. अंगातली उष्णता ४० अंशांवर गेली की मेंदू बिघडतो: असंबद्ध बोलणं, चिडचिड, झोकांड्या. म्हणजे मदत मागायची ती अक्कलच आधी जाते. असा माणूस ‘मला काही झालं नाही’ असंच म्हणणार. म्हणून त्याच्यावर दुसऱ्या कुणाची तरी नजर हवी. एकट्या राहणाऱ्या आजीच्या दारात दुपारी डोकावणारी शेजारीण, वस्तीतली आशाताई, पाणपोईवर रांजण भरणारा पोऱ्या, ही सगळी त्या नजरेची माणसं.

असा कुणी सापडला तर १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता आणि वारा घाला. बर्फ असेल तर काखेत, मानेला, जांघेत. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको, श्वासनलिकेत जाईल. तापाची गोळीही नको: तापात शरीर स्वतःच तापमान वर नेऊन ठेवतं आणि गोळी ते खाली आणते, इथे तसं काही झालेलंच नसतं.

पाणी प्यायला सगळे लिंबाखाली जमले की सहज विचारावं, ‘काय भो, कोनता गावना बाजार शे आज?’ उत्तर चुकलं, किंवा गडी नुसता टक लावून बघत राहिला, की त्याच्या हातातला विळा आधी काढून घ्यायचा.