फोटोच्या पाठीवरचा मजकूर

आमच्या घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जुने फोटो आहेत. काहींच्या पाठीवर आजोबांनी शाईनं ठिकाण, साल आणि डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं लिहिली आहेत. हे फोटो डब्यातून अल्बममध्ये गेले, अल्बमची पानं सुटल्यावर परत डब्यात आले. मजकूर कुठे हरवला नाही, कारण तो फोटोलाच चिकटलेला होता.

काही वर्षांपूर्वी मी यातले तीनेकशे फोटो स्कॅन केले आणि एका प्रोग्रॅममध्ये बसून एकेका चेहऱ्याला नाव दिलं. दोन पावसाळे त्यात गेले. मग नवा कॉम्प्युटर आला. फोटोंचं फोल्डर उचलून त्यावर टाकलं, जुनी डिस्क पुसून भाच्याला देऊन टाकली. फोटो सगळे आले, नाव एकही आलं नाही. नावं होती त्या प्रोग्रॅमच्या डेटाबेसमध्ये, डिस्कच्या भलत्याच कोपऱ्यात, आणि तो कोपरा मी स्वतःच्या हातानं साफ केला होता.

तेव्हापासून फोटोंसाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ असं कुणी विचारलं, की मी उलट विचारतो: तुम्ही लिहिलेलं ते कुठे ठेवतं?

डिजिटल फोटोलाही पाठ असते. १९९५ मध्ये जपानी उत्पादकांच्या संघटनेनं एक्झिफ नावाचं मानक आणलं. फोटो काढण्याची तारीख-वेळ, कॅमेरा, शटरचा वेग, फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश, हे सगळं फाइलच्या सुरुवातीच्या भागात लिहिलं जातं. फोटोबद्दल लिहिलेल्या ओळी, कीवर्ड म्हणजे शोधायला लावलेले शब्द, तारांकन यांसाठी आधी वृत्तसंस्थांच्या परिषदेचं आयपीटीसी हे मानक आणि २००१ पासून अडोबी कंपनीचं एक्सएमपी आलं. एक्सएमपी म्हणजे साधा मजकूर. तो फोटोच्या पोटात राहू शकतो किंवा त्याच नावाच्या छोट्या शेजारफाइलीत. ती नोटपॅडमध्येसुद्धा उघडते.

ही पाठ पुसणं फार सोपं. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली एक्झिफ माहिती गळून जाते. फाइलच्या नावात एक तारीख दिसते खरी, पण ती फोटो काढल्याची नसते. म्हणून घरच्या ग्रुपवर कुणी २००५ च्या जत्रेचा फोटो टाकला, की तो आपल्या गॅलरीत कालच्या भाजीच्या फोटोशेजारी जाऊन बसतो. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, पाठीसकट येईल.

आता संपादनाकडे. फोटोत केलेला बदल कुठे राहतो, हा प्रश्न इथेही आहेच, आणि इथे तर चित्रच पणाला लागतं. जेपेग ही फोटोची फाइल हलकी करायची १९९२ ची पद्धत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोन लाटांच्या बेरजेत मांडते. डोळ्याला फारशा न जाणवणाऱ्या बारीक लाटा ढोबळ केल्या की फाइल हलकी होते. यामागचं गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, बंगळूरमध्ये जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याआधी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं याच कल्पनेसाठी निधी नाकारला होता.

तर, ढोबळ झालेलं परत बारीक होत नाही. जेपेग उघडून काहीही न बदलता त्याच दर्जावर पुन्हापुन्हा सेव्ह केली, तर एक-दोन फेऱ्यांनंतर नुकसान जवळपास थांबतं. चौकोन तेच, आकडेही तेच. पण दर वेळी डाव्या कडेनं तीन पिक्सेल कापून सेव्ह करून बघा. चौकोनांच्या रेघा सरकतात, प्रत्येक फेरीत नवी काटछाट होते. मी एका पैठणीच्या फोटोवर हे वीस वेळा केलं. पदरावरच्या मोराच्या कडेला आधी धुरकट ठिपके उठले, मग मान आणि पार्श्वभूमी एकमेकांत मिसळली.

यावरचा उपाय म्हणजे मूळ फाइलला हात न लावणारं संपादन. लाइटरूम (२००७), डार्कटेबल (२००९), रॉथेरपी हे प्रोग्रॅम या जातीचे. तुम्ही सरकपट्टी ओढता तेव्हा फोटोत काहीच बदलत नाही. उजेड एवढा वाढवा, एवढं कापा, अशी पाककृती लिहिली जाते आणि पडद्यावर दर वेळी ती नव्यानं शिजवली जाते. रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरनं टिपलेली कच्ची नोंद. वीसेक मेगाबाइटच्या अशा फाइलशेजारी काही किलोबाइटची एक्सएमपी, एवढाच खर्च. रॉ फाइलमध्ये साधारण १४ बिट म्हणजे १६,३८४ पायऱ्यांचा उजेड असतो, जेपेगमध्ये ८ बिट, २५६ पायऱ्या. निरांजनाच्या उजेडातला आरतीचा फोटो असेल तर मागच्या अंधारातली माणसं रॉमधूनच वर काढता येतात. फोनवर काढून फोनवरच बघणाऱ्याला मात्र या भानगडीत पडायचं काही कारण नाही.

पाककृतीला एक मर्यादा आहे, आणि जाहिरातीत ती कुणी सांगत नाही. लाइटरूमची पाककृती डार्कटेबलला जशीच्या तशी शिजवता येत नाही, कारण प्रत्येकाच्या सरकपट्टीमागचं गणित वेगळं. तारे, कीवर्ड, ओळी दुसरीकडे जातात. रंगसंगती जात नाही. म्हणून जे फोटो मनासारखे जमलेत त्यांची तयार प्रत काढून वेगळी ठेवावी. प्रोग्रॅम अमर नसतात. ॲपलनं अ‍ॅपर्चरची विक्री २०१५ मध्ये थांबवली, गूगलनं पिकासा २०१६ मध्ये बंद केलं.

लाइटरूम क्लासिक सगळं आपल्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. ते एक्सएमपीतही लिहायला सांगण्याची खूण सेटिंगमध्ये आहे. डार्कटेबल शेजारफाइल आपणहून बनवतं. फोटोंची नुसती मांडणी करायची असेल तर मला मोफत मिळणारं डिजिकॅम आवडतं. दिसायला रुक्ष आहे, पहिला आठवडा वैताग येतो, पण नाव आणि चेहऱ्याभोवतीची चौकट फाइलमध्येच लिहिण्याची सोय त्यात आहे. गूगल फोटोजमधला शोध यापेक्षा कितीतरी हुशार. मात्र तिथे बदललेली तारीख मूळ फाइलमध्ये उतरत नाही. गूगलच्या टेकआउट या सोयीनं फोटो बाहेर काढले की ती जेसन नावाच्या वेगळ्या मजकूर-फाइलीत हाती येते.

घेण्याआधी अर्ध्या तासाची एक चाचणी करा. दहा फोटोंची प्रत घ्या. त्यांना नावं, तारे, एखादी ओळ द्या, एकाची तारीख बदला. प्रोग्रॅम बंद करून ते फोल्डर पेन ड्राइव्हवर टाका आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये उघडा. जे पोचलं ते तुमचं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी या चाचणीत एक खाचखळगा आहे. मी एका फोटोला ‘आत्याच्या लग्नातली पंगत’ असा कीवर्ड दिला होता. दुसरीकडे उघडल्यावर ‘पंग’ आणि पुढे एक मोडका चौकोन. जुन्या आयपीटीसी मानकात एका कीवर्डला ६४ बाइटची जागा असते. रोमन अक्षर एका बाइटात मावतं. देवनागरीत अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीनं प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला, हलन्ताला आणि अनुस्वाराला तीन-तीन बाइट लागतात. मोजून पाहिलं: २१ खुणांचे ६३, मधल्या दोन रिकाम्या जागांचे २, एकूण ६५. एका बाइटानं ‘त’ तुटला होता. एक्सएमपीत ही अडचण नाही, पण काही प्रोग्रॅम अजून जुन्या चौकटीतूनच वाचतात.

मग दिवाळीला आत्या आली. टॅबवर तो फोटो दाखवला, तर तिनं चष्मा वर करून माझ्याकडेच पाहिलं. “अरे, यात मी नवरी कुठे दिसले तुला? ही बघ मी, परकर-पोलक्यातली, मीठ वाढतेय. भाऊची मुंज आहे ही.”

तारीख नऊ वर्षं मागे नेली. ‘काकाच्या मुंजीतली पंगत’: ६२ बाइट. मावलं.