कॅसेटचा टवका आणि पाइपाचं सोल्युशन

लातूरच्या आमच्या जुन्या घरात पत्र्याखाली एक लोखंडी पेटी आहे. यंदा उन्हाळ्यात ती उघडली तर टीव्ही गेमच्या सात कॅसेट निघाल्या. भाच्यानं एक उचलली आणि तिच्या कोपऱ्याचा टवका त्याच्या हातातच आला. ‘मामा, मी काहीच केलं नाही,’ तो घाबरून म्हणाला. खरंच होतं ते. जे केलं ते पत्र्याखालच्या उन्हाळ्यांनी, पंचवीसेक वर्षांत.

१९८३ साली जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ नावाचा टीव्ही गेमचा संच बाजारात आला. आपल्याकडे गावोगाव पोचल्या त्या बहुतेक त्याच्या नकला. पिवळ्या, काळ्या डब्यांतल्या, ६० पिनांच्या कॅसेट. असले डबे सहसा एबीएस प्लॅस्टिकचे असतात. ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरिन या तिघांचा हा संसार. स्टायरिनमुळे चकाकी आणि ताठपणा, ॲक्रिलोनायट्राइलमुळे रसायनांपुढे टिकाव, आणि ब्युटाडाइनचं रबर धक्के सोसायला. घोडं अडतं ते या रबरापाशी. त्याच्या साखळीतल्या दुहेरी बंधांवर हवेतला ऑक्सिजन हल्ला करतो. उष्णता आणि ऊन त्याला हात देतात. रबर कडक झालं की धक्का झेलणारं कुणी उरत नाही, आणि हातातून पडलेली कॅसेट सरळ तडकते. त्यात कुणी स्क्रू आवळून ठेवला असेल तर त्याच्या खांबाभोवती ताण कायमचाच असतो. तडा बहुतेक तिथूनच निघतो.

टपरीवरच्या छोट्या नळीतल्या झटपट गोंदानं मी लहानपणी एक कॅसेट जोडली होती. आठवड्यात सुटली, वर पांढरट डाग राहिला तो वेगळाच. तो गोंद म्हणजे सायनोॲक्रिलेट. हवेतल्या ओलाव्यानं तो क्षणात घट्ट होतो, पण काचेसारखा कडक. कॅसेट खाचेत घालताना जरा वाकते, जोड मात्र वाकत नाही. पांढरा डाग असतो गोंदाच्या वाफेचा, ती आजूबाजूला बसून घट्ट होते.

खरं उत्तर आमच्या दादाकडे होतं. दादा म्हणजे चुलतभाऊ, शेतातल्या पाइपलाइनची कामं करतो. ‘पाइप जोडायचं सोल्युशन कसं धरतं?’ म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘ते चिकटत नसतंय रे. दोन्हीकडून पाइप वितळतो, पाव फेरा फिरवून दाबायचा, एकजीव होतंय.’ पॉलिमरचं पुस्तक याहून वेगळं काही सांगत नाही. द्रावक, म्हणजे प्लॅस्टिक विरघळवणारा द्रव, प्लॅस्टिकमध्ये शिरतो, लांबलचक रेणू सैल होतात, समोरच्या तुकड्यातल्या रेणूंत गुंततात. मग द्रावक उडून जातो आणि गुंता तसाच राहतो. मधे गोंद नावाचं तिसरं काही नाहीच.

एबीएससाठी हे काम ॲसिटोन करतं. दादाचं सोल्युशनही एबीएस वितळवेल, पण त्यात पीव्हीसी मिसळलेलं असतं. परकं प्लॅस्टिक सांध्यात कशाला? मी कॅसेटच्याच आतली एक निरुपयोगी पट्टी कापून तिचे बारीक कीस काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवले. सकाळी मधासारखी पिवळी लापशी तयार. रंगही कॅसेटचाच.

आधी सर्किटची पट्टी बाहेर काढली. मग तड्याच्या टोकाला सुमारे दीड मिलिमीटरचं भोक पाडलं. भाचा ओरडला, ‘अजून भोक कशाला करायलाव?’ तड्याचं टोक सुईसारखं तीक्ष्ण असतं, सगळा ताण तिथे एकवटतो म्हणून तडा पुढे पळतो. गोल भोकापाशी तो ताण पसरतो आणि तडा थांबतो. नंतर आतल्या बाजूनं लापशी भरली, टवका बसवला, हलका दाब दिला. हलकाच, कारण ताणलेल्या एबीएसला ॲसिटोन लागलं तर नव्या बारीक भेगा पडतात.

काम सकाळी सातला उरकलं. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं. लातूरच्या दुपारी ते इतकं झपाट्यानं उडतं की वर साय धरते आणि आत बुडबुडे अडकतात. शिवाय उणे २० अंशांच्या आसपासही त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा दुप्पट जड असल्यानं जमिनीलगत सरपटते. म्हणून अंगणात बसलो आणि आईला उदबत्तीसुद्धा थांबवायला लावली. तिनं जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपरनं घासलं, आधी ४००, मग ८०० नंबर. नखाला सांधा लागेना. कॅसेट लावली तर पडदा कोराच, आणि भाचा लगेच फुंकर मारायला निघाला! फुंकरीतली थुंकी पिनांवर बसते, त्या गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला, गेम चालू झाला.

हे बघून दादानं फवारणी पंपाचं चिरलेलं झाकण आणलं. ‘याला पण लाव ना.’ मी ते आधी बादलीत टाकलं. एबीएस पाण्यापेक्षा किंचित जड, ते बुडतं. पॉलिप्रोपिलीन, पॉलिथिलीन हलकी, आणि ॲसिटोनला दाद न देणारी. झाकण तरंगत राहिलं. दादानं बोटानं दोनदा खाली दाबून पाहिलं, दोन्ही वेळा वर आलं.