वाइल्ड डान्सेस (गीत)

युक्रेनची गायिका रुस्लाना लिझिच्को (जन्म १९७३, ल्विव्ह) हिने २००४ च्या यूरोव्हिजन या युरोपीय देशांच्या वार्षिक गीतस्पर्धेत गाऊन जिंकलेले पॉप गीत. ते तिने पती ओलेक्सांद्र क्सेनोफोंतोव्ह यांच्यासह रचले. त्याचा आधार आहे पूर्व कार्पेथियन डोंगरांत राहणाऱ्या हुत्सुल लोकांचे संगीत आणि नृत्य.

सादरीकरणाची सुरुवात होते ती त्रेंबिताने. हा सुमारे ३ मीटर लांबीचा लाकडी कर्णा. खोड उभे चिरून दोन्ही फाळी आतून कोरतात, पुन्हा जोडतात आणि वरून भूर्जाची साल गुंडाळतात. वीज पडलेल्या झाडाचे लाकूड सर्वांत चांगले, अशी तिथली समजूत. मेंढपाळ त्यावर एकमेकांना खुणेची हाक देतात. गावात कोणी वारले तर ती खबरही त्रेंबिताच देते. आपल्या तुतारीप्रमाणे त्याला बोटे ठेवायला भोके नसतात. ओठांचा ताण व फुंकेचा जोर बदलून मोजकेच नैसर्गिक सूर निघतात, त्यामुळे गाण्याची पट्टी त्याच्या मूळ सुराशी जुळली नाही तर तो बेसूर लागतो. अख्खी चाल त्यावर वाजवणे कठीण. ललकारी मात्र त्याच्यासारखी दुसऱ्या कशाची नाही.

स्पर्धेच्या नियमांनी या सामग्रीला कात्री लावली. गाणे कमाल ३ मिनिटांचे, मंचावर जास्तीत जास्त ६ जण, वाद्यमेळ ध्वनिमुद्रित, पण गळा थेट. हुत्सुलांचे ‘आर्कान’ हे खांद्याला खांदा लावून पुरुषांनी रिंगणात करायचे नाच. सहा जणांत तसे रिंगण भरत नाही. म्हणून रिंगणाऐवजी पायांचा ठेका, ढोल आणि चामड्या-फरचे पोशाख यांवर भर दिला गेला. नाचताना दम पुरावा लागतो. तोकड्या ओळी आणि समूहाने द्यायचे अर्थहीन घोष इथे फार कामी आले. शब्द इंग्रजी व युक्रेनियन मिश्र आहेत.

यूरोव्हिजनमध्ये उपांत्य फेरी त्याच वर्षी सुरू झाली. इस्तंबूलमधील त्या फेरीत युक्रेन दुसरे आले; पहिले होते सर्बिया व मॉन्टेनेग्रो (तेव्हा एकच देश). १५ मे रोजीच्या अंतिम फेरीत क्रम उलटला : युक्रेन २८० गुण, सर्बिया व मॉन्टेनेग्रो २६३, ग्रीस २५२. स्पर्धेत उतरण्याचे युक्रेनचे हे दुसरेच वर्ष. विजेत्या देशाकडे यजमानपद जाते, म्हणून २००५ ची स्पर्धा कीव्हमध्ये झाली.

शीर्षकातील ‘वाइल्ड’ म्हणजे ‘रानटी’ हे विशेषण मात्र अनेक हुत्सुलांना झोंबले, आणि ते रास्तच होते : ज्या नाचात पावलांची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे, त्याला बेबंद म्हणणे चूक आहे.