अरबी समुद्रातील चक्रीवादळे आणि नाशिक जिल्हा

अरबी समुद्रात उठणाऱ्या चक्रीवादळांचा, तसेच ती विरल्यावर उरणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचा नाशिक जिल्ह्यावर होणारा परिणाम. जिल्ह्याला किनारा नाही. सह्याद्री चढून येईपर्यंत वाऱ्याचा जोर ओसरतो, पाऊस मात्र उरतो, आणि इथले खरे नुकसान तोच करतो.

समुद्राच्या पाण्याचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की वादळाला लागणारी वाफ मिळू लागते. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर पोचला की हवामान खाते त्याला चक्रीवादळ म्हणते. मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे त्यांचे दोन हंगाम. ऐन पावसाळ्यात खालचे आणि वरचे वारे इतके वेगळे वाहतात की वादळाची उभी रचना टिकत नाही. बहुतेक वादळे ओमान-येमेनकडे किंवा गुजरातकडे जातात. ‘निसर्ग’ मात्र ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि निवळत उत्तर महाराष्ट्रावरून पुढे सरकले. त्या दिवसांत कांदाचाळी उन्हाळ कांद्याने भरलेल्या असतात. हवा खेळावी म्हणून चाळीच्या बाजू फटीच्या ठेवतात. तिरपा पाऊस त्याच फटींतून आत शिरतो आणि कडेचा कांदा आधी सडतो.

नाशिकला भिजवायला वादळाने किनारा गाठायलाच हवा असे नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’ दक्षिण गुजरातजवळ समुद्रातच विरले, तरी जिल्ह्यात अवकाळी पाऊस झाला. नेहमीचा पावसाळा इगतपुरी-त्र्यंबकेश्वरला झोडपतो आणि पूर्वेकडे हात आखडतो. वादळी पावसात हा भेद पुष्कळदा पुसट होतो, आणि निफाड, दिंडोरी, चांदवडच्या द्राक्षबागा तावडीत सापडतात.

द्राक्षाच्या दृष्टीने ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत नाजूक. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ अलिबाग-मुंबईदरम्यान किनाऱ्याला लागले, तेव्हा ऑक्टोबरच्या सुरुवातीला छाटलेल्या बागा फुलोऱ्याच्या सुमारास होत्या. फुलोऱ्यातल्या घडात पाणी साचले की गळ आणि कूज होते. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसली, की डावणी हा बुरशीजन्य रोग आलाच. चिखलामुळे ट्रॅक्टर बागेत जात नाही, फवारणी अडते. मग ओल्या पानांवर बुरशीनाशक पावडरची धुरळणी करून दिवस काढावे लागतात. बागलाण तालुक्यातल्या लवकर छाटलेल्या बागांत तोवर मण्यांत साखर उतरू लागलेली असते. तिथे मणी तडकतात, आणि तडकलेला माल निर्यातीला चालत नाही.

त्यामुळे इथे वादळाची तीव्रता वाऱ्याच्या वेगावरून जोखणे अपुरे आहे. पीक कोणत्या अवस्थेत सापडले, हे त्याहून महत्त्वाचे. वेगाच्या हिशेबाने किरकोळ ठरणारे कमी दाबाचे क्षेत्रही दोन दिवस ढगाळ हवा आणि रिपरिप देऊन वर्षाचे उत्पन्न नेऊ शकते. काही बागायतदार आता ओळींवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालतात. घड कोरडे राहतात, फवारण्याही कमी लागतात. पण सांगाडा आणि कापड यांचा खर्च लहान शेतकऱ्याला अनुदानाशिवाय झेपत नाही.