धोतरा

धोतरा : (सं. धत्तूर, कनक, उन्मत्त, हिं. धतूरा). सोलॅनेसी (वांगी, मिरची इत्यादींच्या) कुलातील डाट्यूरा या प्रजातीतील (जीनस; अनेक जातींचा गट) वनस्पतींना मराठीत सामान्यतः हे नाव आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये प्रजातीची स्थापना करताना हे देशी नावच लॅटिन रूपात स्वीकारले. फुले कर्ण्यासारखी, बहुधा संध्याकाळी उमलणारी; फळ म्हणजे काटेरी बोंड. डाट्यूरा मेटल या जातीत ते खाली झुकलेले असून अनियमितपणे फुटते, तर डाट्यूरा स्ट्रॅमोनियम या जातीत ते ताठ असून चार शकलांनी उकलते. लोंबत्या फुलांच्या झुडपांचा पूर्वी याच प्रजातीत समावेश करीत. ती आता ब्रुगमॅन्सिया या वेगळ्या प्रजातीत घालतात.

प्रजातीच्या मूलस्थानाविषयी मतभेद आहेत. वर्गीकरणाचा पुरावा पाहता सर्व जाती अमेरिका खंडातील ठरतात, आणि त्यावरून धोतरा सोळाव्या शतकात यूरोपीयांनीच पूर्वेकडे आणला असावा, असे अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानीत आले. तथापि सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात (विषचिकित्सेच्या विभागात) पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील उपचारांत धत्तूर येतो. या ग्रंथात वेळोवेळी फेरबदल व भर पडत गेली असल्यामुळे त्यातील एकेका उल्लेखाचा काळ ठरविणे अवघड असले, तरी असे सर्व उल्लेख सोळाव्या शतकानंतरचे मानणे कठीण आहे. गीता आणि घरैबेह या संशोधकांनी २००७ मध्ये भारतीय व अरबी ग्रंथ आणि दक्षिण भारतीय मूर्तिशिल्पे यांच्या आधारे असे प्रतिपादन केले, की निदान डाट्यूरा मेटल ही जाती कोलंबसापूर्वी, बहुधा इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात, मानवी वाहतुकीने जुन्या जगात (आशिया, यूरोप व आफ्रिका खंडांत) पोहोचली असावी. दोन्ही प्रकारच्या पुराव्यांना सामावून घेणारे हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र ती वाहतूक कोणत्या मार्गाने झाली, हे त्यातून उलगडत नाही. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या ग्रंथात धोतरा खाऊ घालून चोरी केल्याचा प्रसंग आहे. म्हणजे त्या सुमारास येथे त्याचा गुंगी आणण्यासाठीचा उपयोग चांगलाच परिचित होता.

पाने, बिया व मुळे यांत हायोसायमीन, स्कोपोलामीन आणि ॲट्रोपीन ही अल्कलॉइडे (वनस्पतींतील नायट्रोजनयुक्त, शरीरावर तीव्र परिणाम करणारी द्रव्ये) असतात. ती ॲसिटिलकोलीन या तंत्रिकांचे संदेश पोहोचविणाऱ्या रसायनाच्या कार्यास अडथळा करीत असल्यामुळे श्वासनलिकांचे स्नायू सैलावतात. दम्यात पानांचा धूर ओढण्याच्या प्रथेचे कारण हेच. ही प्रथा १८०२ च्या सुमारास मद्रासहून इंग्लंडात पोहोचली आणि पुढे धोतऱ्याच्या दमा-सिगारेटी तेथे विकल्या जाऊ लागल्या. श्वासविकारांसाठीच्या कनकासव या आयुर्वेदीय औषधातही धोतरा हे प्रमुख द्रव्य आहे. बिया औषधात वापरण्यापूर्वी त्यांचे शोधन (विषारीपणा कमी करण्याची प्रक्रिया) करतात. त्यासाठी गोमूत्र किंवा गायीचे दूध योजतात. जपानमध्ये हानाओका सेइशू यांनी १८०४ मध्ये स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करताना रुग्णाला धोतरा व बचनागवर्गीय वनस्पती असलेले मिश्रण देऊन बेशुद्ध केले होते.

मात्रा थोडी चुकली तरी घसा कोरडा पडणे, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारणे, भ्रम आणि शेवटी बेशुद्धी अशी लक्षणे दिसतात. बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसत असल्याने न्यायवैद्यकात त्यांतील भेद आवर्जून शिकवितात. भारताच्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ अनुसूचीत धत्तूराचा विषारी द्रव्यांत समावेश आहे. त्यामुळे तो असलेल्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावी लागते. शंकराला धोतऱ्याची फुले-फळे वाहण्याची प्रथा सर्वपरिचित आहे.